आजाऱ्यांचं तेल

झाकणं बदलायला मला दोन श्वास लागले. एक घेतला, एक सोडला, काम झालं.

देवळाच्या मागच्या खोलीत, जिथे पाद्री मिस्साचे, म्हणजे प्रार्थनेचे, कपडे घालतो तिथे, भिंतीत एक कपाट होतं. लोखंडी दाराचं. त्याची किल्ली माझ्या कमरेला, कारण वसईच्या किल्ल्यातल्या सांत इनेस देवळाची सगळी राखण माझ्याकडे. घंटा मी वाजवायची, मेणबत्त्या मी लावायच्या, पाद्र्याचा झगा मी धरायचा. त्या कपाटात तीन चांदीच्या कुप्या असत, अंगठ्याएवढ्या. एकीत बाप्तिस्म्याआधी, म्हणजे नाव ठेवण्याआधी, पोरांच्या छातीला लावायचं तेल. दुसरीत बाप्तिस्म्यानंतर टाळूला लावायचं, त्याला सुगंध येतो. तिसरीत आजाऱ्यांचं तेल, माणूस मरायला टेकला की त्याला लावायचं. ते लागलं नाही तर माणूस उघड्या अंगानं देवासमोर जातो, असं आम्ही समजायचो. मी आजही तसंच समजतो.

तिन्ही तेलं गोव्याला आर्चबिशप वर्षातून एकदाच, पवित्र गुरुवारी मंत्रून ठेवतो. मग ती गलबतानं आमच्याकडे येतात. पोरांचं तेल आणि आजाऱ्यांचं तेल दिसायला जुळ्या भावांसारखी. रंग तोच, वास नाहीच. फरक फक्त झाकणावरच्या खुणेचा. मला लिहिता-वाचता यायचं नाही, पण तेवढ्या तीन खुणा यायच्या. आजाऱ्यांच्या झाकणावर खुंटीसारखी एक उभी रेघ होती.

ती खुंटी मी पोरांच्या कुपीवर बसवली आणि ती कुपी आजाऱ्यांच्या जांभळ्या थैलीत घातली. आजाऱ्यांचं खरं तेल माझ्या कमरेच्या फडक्यात खोचलं.

वाईट कुणाचंच करायचं नव्हतं हो. फक्त गास्पारची फजिती करायची होती.

आता गास्पार कोण ते सांगतो. आम्ही दोघं शेजारी. किल्ल्याच्या जमिनीकडच्या दरवाज्यातून बाहेर पडलं की पानवेलींच्या वाड्या लागायच्या, त्यातली तिसरी आमची, चौथी त्यांची. चिखलात चिंबोऱ्या आम्ही बरोबर धरल्या. चिंबोरी धरताना बोट नेहमी त्याचं फुटायचं, माझं नाही. देवळाच्या शाळेत गायला बरोबर शिकलो. गळा माझा होता. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय असं नाही, गाण्याचे मास्तर सांगायचे. गास्पारचा आवाज म्हणजे रहाटाला तेल घातलं नाही तर जसा येतो, तसा.

तेव्हाच्या म्हाताऱ्या विगारानं, म्हणजे देवळाच्या मुख्य पाद्र्यानं, एक पोरगा गोव्याला पाठवायचा ठरवला. पाद्री व्हायला. आमच्यातला, मराठी बोलणारा. एकच पोरगा. सगळी वाडी म्हणाली, बस्त्याव जाणार. मीही म्हणालो, मी जाणार. आयनं माझ्यासाठी नवी बंडीसुद्धा शिवून घेतली.

गेला गास्पार.

का गेला ते मला कुणी सांगितलं नाही. मी मनाशी धरून बसलो की त्याच्या बापानं विगाराच्या घरी चांगल्या पानांच्या टोपल्या पोचवल्या असणार. आणि माझ्या वाट्याला काय आलं? देवळाची झाडलोट. पुढे किल्ली. त्यातही त्या विगाराचं एक विचित्र होतं. मला तो कधी घंटेच्या मनोऱ्यावर चढू द्यायचा नाही. "वर नको बस्त्याव, खालूनच दोरी ओढ." दुसरे सगळे चढायचे. मी वर गेलो तर काय घंटा खाणार होतो? मला वाटायचं, याला माझी पात्रता जिन्याच्या पहिल्या पायरीइतकीच दिसते.

तो विगार मेला. दुसरा आला, पाद्री मातेउस, खास पोर्तुगालचा, पोट मोठं आणि राग त्याहून मोठा. मग माझ्या वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, एक दिवस, दर्याकडच्या दरवाज्यातून काळा झगा घातलेला गास्पार आत आला. आमच्याच देवळाचा धाकटा पाद्री म्हणून.

"बस्त्या!" तो ओरडला आणि दोन्ही हात पसरले.

"पाद्री," मी म्हटलं आणि वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. ज्या बोटाला चिंबोरी चावायची त्याच बोटाचं. त्याचे पसरलेले हात तसेच राहिले. मला बरं वाटलं.

"आय कशी आहे तुझी? तिच्या हातची जवळ्याची चटणी मला गोव्यात आठवायची रे."

ही गोष्ट मी मूर्खासारखी आयला जाऊन सांगितली. झालं. त्या दिवसापासून दर रविवारी, मी आयला भेटून किल्ल्यात परत निघालो की माझ्या हातात चटणीचं एक बुडकुलं.

"हे गास्पारला दे."

"मी काय त्याचा गडी आहे?"

"पाद्री आहे तो. आणि त्याची आय तो गोव्यात असताना गेली. कोण देणार त्याला?"

ते बुडकुलं गास्पारपर्यंत एकदाही पोचलं नाही. जमिनीकडच्या दरवाज्याच्या आत एक चिंच होती, तिच्या सावलीत बसून मी सगळी चटणी खायचो. नुसती, भाकरीशिवाय. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी खायचो. पुढच्या रविवारी आय विचारायची, "आवडली का त्याला?" मी म्हणायचो, "जेमतेम."

पण मी पुरता पेटलो तो त्या वर्षीच्या पवित्र शुक्रवारी, येशूला क्रुसावर दिलं त्या दिवशी. वीस वर्षं त्या दिवशीचा येशूच्या आयचा विलाप मी म्हणत आलो होतो, लॅटिनमध्ये, पाठ केलेला. त्या साली गास्पार म्हणाला, "बस्त्याव, या खेपेला मी मराठीत म्हणतो. आपल्या बायांना कळू दे मारिया का रडते ते." आणि म्हटला. तो रहाटासारखा आवाज कुठे गेला होता देव जाणे. कोळणी रडल्या, सुतार रडले, बंदरावरचे हमालसुद्धा नाक पुसत होते. मी मागे मेणबत्ती धरून उभा.

रविवारी आय म्हणाली, "गास्पार गात होता तेव्हा माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं."

"आणि मी वीस वर्षं गायलो तेव्हा?"

"तू गातोस तेव्हा घरचं वाटतं रे," ती म्हणाली.

घरचं! म्हणजे रोजचं. म्हणजे वांगं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी गोव्याचं नवं तेल आलं. ज्या सकाळचं मी सांगतोय, त्या सकाळी गास्पारनं स्वतःच्या हातानं तिन्ही कुप्या रिकाम्या केल्या, जुनं तेल दिव्यात जाळलं, नवं भरलं, झाकणं बसवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. अर्ध्या घटकेत दों लोरेन्सोच्या वाड्याहून माणूस आला, की म्हाताऱ्याचं काही खरं नाही, पाद्र्याला तेल घेऊन पाठवा. दों लोरेन्सो म्हणजे किल्ल्यातला मोठा फिरंगी सरदार. त्याच्या खाटेभोवती अर्धी वसई जमणार. गास्पार अंगठा तेलात बुडवणार, उचलणार, आणि तेवढ्यात मी पुढे होऊन म्हणणार, "थांबा पाद्री! हे तेल पोरांचं आहे. सकाळी भरताना तुमची झाकणं बदलली. बरं झालं मी पाहिलं." आणि कमरेतून खरं तेल काढून त्याच्या हातावर ठेवणार. सगळ्यांदेखत. मराठीत विलाप म्हणणाऱ्याला तीन झाकणं कळत नाहीत, हे सगळ्यांना कळणार. असा माझा बेत.

मी जांभळी थैली गास्पारच्या गळ्यात अडकवली. छत्री घेतली, हातातली घंटी घेतली. दारापर्यंत आलो, तर समोरून विगार मातेउस धापा टाकत.

"कुठे?"

"दों लोरेन्सोकडे," गास्पार म्हणाला.

"दों लोरेन्सोकडे तू? मी मेलोय काय?" विगाराचा चेहरा लाल झाला. मोठ्या घरची मरणं त्याची, झोपड्यांतली धाकट्या पाद्र्याची, हा त्याचा कायदा. "मी जातो. माझ्यापाशी माझं तेल आहे." त्याची स्वतःची एक कुपी असायची, झग्याच्या आत, ती मी विसरूनच गेलो होतो. "तुला मागच्या दाराला बोलावणं आलंय, बाहेरच्या वाडीतून. कुणी म्हातारी आहे. जा तिकडे. बस्त्याव, छत्री धर."

"पण विगार..." मी म्हटलं.

"पण काय?"

काय सांगू? कमरेला ते तेल मला निखाऱ्यासारखं लागायला लागलं. गास्पार तोपर्यंत मागच्या दारानं गेलासुद्धा. तो नेहमीच धावत जायचा, झगा गुडघ्यापर्यंत उचलून, पाद्र्याला शोभत नाही असा.

मी छत्री धरली. विगाराच्या डोक्यावर. वैशाखाचं ऊन, रस्त्यावरचे लोक घंटी ऐकून गुडघ्यावर बसत होते आणि मी चालत होतो.

आता नीट ऐका, कारण पुढचं मी फार थोड्यांना सांगितलंय.

मला कळत होतं काय होणार ते. बाहेरच्या वाडीत एक म्हातारी मरतेय आणि तिला पोरांचं तेल लागणार. म्हणजे लागलंच नाही असं. सगळं मला कळत होतं. आणि मी दों लोरेन्सोच्या वाड्यात खाटेच्या डोक्याशी उभा राहिलो, विगार लॅटिनमध्ये सावकाश, एकेक शब्द चघळत म्हणत होता, आणि मी मनात म्हणत होतो, असेल कुणाची तरी म्हातारी. देव काय झाकण बघून घेतो का? उद्या सांगू. नाहीतर परवा. आत्ता बोललो तर किल्ली जाईल. अशी मी पाव घटका काढली. पुरी पाव घटका.

मग विगारानं हात धुवायला पाणी मागितलं. मी स्वयंपाकघराकडे गेलो. तिथे दोंच्या घरी पाणी भरणारा इनास होता, आमच्या वाडीच्या पलीकडचा. मला बघून त्याचा आ वासला.

"तू इथे काय करतोस रे?"

"दिसत नाही? विगाराबरोबर आलोय."

"अरे, तुझी आय रहाटापाशी कोसळली! तुमच्या शेजारची बियात पाद्र्याला आणायला धावली होती. तुला कुणी सांगितलं नाही?"

पाण्याचा तांब्या माझ्या हातातून पडला की मी ठेवला, मला आठवत नाही. छत्री मात्र मी तिथेच टाकली. विगाराच्या हाका मागून ऐकू आल्या, मग त्याही थांबल्या. मी धावलो. जमिनीकडचा दरवाजा, ती चिंच, पहारेकऱ्याची शिवी, सगळं मागे गेलं. एका हातानं कमरेची कुपी घट्ट दाबून धरलेली. तेवढ्या वाटेत मी देवाला जे काय म्हटलं ते पाद्र्यापुढेसुद्धा सांगण्यासारखं नाही.

घरात शिरलो तेव्हा गास्पार आयच्या पायाशी होता. आधी डोळे, मग कान, नाक, तोंड, हात, शेवटी पाय, असा तेल लावायचा क्रम असतो. पाय झाले होते. तो कापसानं अंगठा पुसत होता. शेजारची बियात आणि आणखी दोन बाया गुडघ्यावर होत्या. आयचे डोळे उघडे होते, ओठ निळे पडलेले.

"आला ग तुझा बस्त्याव," बियात म्हणाली.

"ये," आय म्हणाली. "गास्पारनं सगळं केलं. आता माझं काही राहिलं नाही."

एवढा समाधानी चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर ती त्याच चेहऱ्यानं गेली असती. कुणाला कधी कळलं नसतं. झाकण मी गुपचूप परत बदललं असतं.

"पाद्री," मी म्हटलं. "पाद्री, ते तेल पोरांचं आहे."

गास्पारनं मान वर केली. "काय?"

"झाकणं मी बदलली. सकाळी, तुम्ही गेल्यावर. खरं हे आहे." मी कमरेतून कुपी काढली. माझ्या घामानं ती बुळबुळीत झाली होती. "दों लोरेन्सोकडे तुमची फजिती करायची होती. इथे नव्हती करायची."

बियातनं कपाळाला हात लावला. दुसरी एक बाई म्हणाली, "अरे मेल्या!"

गास्पारचा चेहरा पांढरा पडला. तो काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला.

"पोरांचं तेल?" आय म्हणाली. "म्हणजे आता माझं नाव परत ठेवणार की काय रे?"

आणि ती हसली. हसताना तिला धाप लागली. बियातनं तिला पाणी दिलं. मी तिथेच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडायला लागलो.

गास्पारनं माझ्या हातातली कुपी घेतली, माझ्याकडे न बघता. त्यानं पहिल्यापासून सगळं परत म्हटलं. डोळे. कान. नाक. तोंड. हात. पाय. मी उत्तरं दिली, पाठ केलेली, लॅटिनमधली, त्या माझ्या गळ्यानं.

झाल्यावर आयनं बायांना बाहेर जायला सांगितलं. गास्पारही उठला.

"तू बस. तुझंही आहे यात," ती म्हणाली. मग आधी भलतंच विचारलं. "चटणी पोचायची ना रे तुला, दर रविवारी?"

गास्पारनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"पोचायची आय," तो म्हणाला. "जिथे पोचायची तिथे दर रविवारी पोचायची."

"बरं." तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "बस्त्या, त्या साली म्हाताऱ्या विगारानं तुलाच निवडला होता. गोव्याला."

मी मान वर केली.

"मला बोलावून सांगितलं त्यानं. मी घरी आले. तुझी बंडी शिवायला दिली. मग रात्रभर जागी राहिले. तुझ्या बापाला दर्यानं नेलं होतं. आता तुलाही दर्यापार पाठवायचं? सकाळी मी परत गेले विगाराकडे. म्हटलं, माझ्या पोराला फेफरं येतं. तोंडाला फेस येतो, डोळे फिरतात, पडतो. फेफरं येणाऱ्याला पाद्री करत नाहीत, हे मला ठाऊक होतं."

"मला कधी फेफरं आलं?" मी विचारलं.

"कधीच नाही."

तेव्हा मला तो मनोरा आठवला. वर नको बस्त्याव, खालूनच दोरी ओढ. बिचारा म्हातारा. मी वरून पडेन म्हणून मरेपर्यंत तो घाबरत होता, आणि मी वीस वर्षं त्याला मनात शिव्या देत होतो.

"मी विगाराशी खोटं बोलले, ते गास्पारला मघाशी पापांच्या कबुलीत सांगितलं," आय म्हणाली. "पण त्यानं ते तोंडातून बाहेर काढायचं नाही, म्हणून आता मीच तुला सांगते. याला त्याच्या आयपासून तोडलं ते मी. तुला ठेवून घ्यायला मी दुसरीचा पोरगा पाठवला. ती गेली तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. म्हणून चटणी. दुसरं काय देणार होते मी?"

मग तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला तेल लागलेलं होतं, माझ्याही हाताला लागलं.

"मी तुला ठेवून घेतलं," ती म्हणाली. "त्याचा पश्चात्ताप केला. पण पुरा होत नाही रे. तू दर रविवारी दिसलास ना मला."

ऊन उतरायच्या आत ती गेली.

बायांनी आत रडायला सुरुवात केली तेव्हा गास्पारनं मला दंडाला धरून अंगणात नेलं, पानवेलींच्या मागे. इकडे तिकडे बघितलं. मग माझ्या कानाखाली अशी वाजवली की मला आयच्या एका रहाटाचे दोन दिसले.

"ही गास्पारची," तो म्हणाला. "आता पाद्री विचारतो त्याचं उत्तर दे."

"विचारा."

"ती दुसऱ्या कुणाची आय असती, तर तू पळत आला असतास?"

मी मान फिरवली. वेलीवर एक पान हलत होतं, त्याच्याकडे बघत राहिलो. ती दों लोरेन्सोच्या खाटेशी काढलेली पाव घटका मी त्याला सांगितली नव्हती. पण त्याला माहीत होती. पाद्री लोकांना असल्या गोष्टी कशा कळतात कोण जाणे.

"जा," तो म्हणाला. "विगाराला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही."

मी सांगितलं. विगारानं ऐकून घेतलं, किल्ली घेतली आणि वर छत्री टाकून पळाल्याबद्दल वेगळ्या शिव्या दिल्या. मी आयच्या वाडीत येऊन राहिलो. पानवेलींना पाणी घालायचो. रविवारी देवळात जायचो, पण दाराच्या आत नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहायचो. गास्पारचं गाणं बाहेर ऐकू यायचं. हेवा वाटायचा की नाही म्हणता? वाटायचाच. तो काय एका थपडेनं जातो? पण आता त्याला धार राहिली नव्हती. जुन्या कोयत्यासारखा नुसता भिंतीला टांगलेला असायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग मराठ्यांचा वेढा पडला, किल्ला पडला. फिरंग्यांना जायला आठ दिवस दिले. विगार मातेउस गलबतात चढला तो देवळाची चांदी घेऊन, त्यात त्या तीन कुप्याही गेल्या. गास्पारला म्हणाला, चल. गास्पार म्हणाला, माझं इथेच बरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या अंगणात आला. केस पांढरे झाले होते त्याचे. माझेही. हातात एक फडकं, फडक्यात तीन मातीच्या बुडकुल्या, चटणी ठेवायच्या असतात तसल्याच, पण बोटभर. तोंडाला बुचं.

"मातेउसनं कुप्या नेल्या, तेल मी काढून घेतलं," तो म्हणाला.

"बसा पाद्री."

तो रहाटाच्या कट्ट्यावर बसला. मग एकदम म्हणाला, "गोव्याला माझ्या नावाचं पत्र गेलं होतं ना, त्यात आधी तुझं नाव होतं. खोडलेलं. खाली माझं. पण 'गळा उत्तम आहे' हे खोडायचं विगार विसरला. पहिल्याच दिवशी गाण्याचे मास्तर म्हणाले, उत्तम गळ्याचा तो तूच ना? गा."

"मग?"

"गायलो. ते इतके हसले की बाकावरून पडायचे राहिले. शिकत होतो ती सात वर्षं मी तुझा गळा घेऊन फिरलो, बस्त्या. पहाटे उठून विहिरीत तोंड घालून गायचो, कुणी ऐकू नये म्हणून. तुझा इतका राग यायचा मला, की काय सांगू."

"माझा?"

"मग कुणाचा?"

आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच वर्षांनी.

मग त्यानं ते फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. मी बुडकुल्या बघितल्या. तिन्ही सारख्या. एकीलाही खूण नाही.

"यातली कुठली कुठली?" मी विचारलं. "खुणा करायच्या राहिल्या तुमच्या."

"राहिल्या नाहीत." तो उठला आणि एकेकीवर बोट ठेवून सांगितलं. हे पोरांचं. हे सुगंधाचं. हे आजाऱ्यांचं. "एकदाच सांगतो. आता तुझ्याकडे राहू दे."

"पाद्री, माझ्याकडे? हेच?"

"हेच," तो म्हणाला आणि झगा गुडघ्यापर्यंत उचलून निघूनसुद्धा गेला.

त्यालाही आता कितीतरी पावसाळे झाले. आम्ही दोघंही म्हातारे. कुठेही तेल लावायला गेलो की तो आजाऱ्याकडे तोंड करून बसतो आणि मागे न बघता हात पसरतो. मी त्या हातात बुडकुली ठेवतो. तो एकदाही हुंगत नाही, एकदाही विचारत नाही.

गोव्याहून नवं तेल आलं की त्याच बुडकुल्यांत भरतो. पोरांचं आणि सुगंधाचं मी घरच्या कपाटात ठेवतो. आजाऱ्यांचं मात्र कमरेला बांधतो, फडक्यात, डाव्या बाजूला. तेव्हा होतं तिथेच. बोलावणं आलं की मी आधी पळायला लागतो. कुणाची आय, कुणाचा बाप, ते वाटेत विचारतो.